इतिहासाच्या मार्गदर्शकांना कोल्हापूरहून खुले पत्र

प्रति,
इतिहास विषयाचे पीएच.डी. मार्गदर्शक व अभ्यास मंडळांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

इतिहासात मंजूर झालेल्या पीएच.डी.च्या विषयांच्या याद्या मी हौसेनं वाचते. निवृत्त माणसाला असले छंद परवडतात. या याद्यांत बहुतेक विषय एकाच साच्यातून निघालेले दिसतात: अमुक यांचे तमुक क्षेत्रातील योगदान, पुढे कालखंड आणि शेवटी 'एक ऐतिहासिक अभ्यास'. अमुकच्या जागी कधी माजी आमदार असतो, कधी साखर कारखान्याचा संस्थापक, कधी शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष. नातू हयात आणि हौशी असेल तर प्रबंधाचा प्रकाशन समारंभही थाटात होतो. असे विषय समितीपुढे चहा निवायच्या आत मंजूर होतात.

अडतात ते दुसरेच. कुस्तीच्या तालमी, संस्थानातले फोटोग्राफर, गाणाऱ्या बायका, नाटक मंडळ्यांचे हिशेब. असा विषय घेऊन मूल आलं की त्याला शारीरिक शिक्षणाकडे, नाहीतर मराठी किंवा संगीत विभागाकडे पिटाळलं जातं. कलावंतिणींवर काम करू पाहणाऱ्या एका मुलीला तर 'घरी चालेल का?' असं विचारलं गेलं. ते कुठं झालं हे मी लिहीत नाही, कारण असं विचारणारे एकाच ठिकाणी नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. निदान कोल्हापूरसारख्या संस्थानाच्या बाबतीत तरी संस्कृतीचा इतिहास बाजूला ठेवून इंग्रजी साम्राज्याचा इतिहास लिहिताच येत नाही. कारण इथं साम्राज्य शिरलं ते बहुतेक वेळा संस्कृतीच्याच दारानं.

पुण्यात १८१८ साली पेशवाई बुडाली आणि कलेक्टर आला. कोल्हापुरात गादी राहिली, छत्रपती राहिले, दसरा राहिला, जोतिबाची यात्रा राहिली. सामानगड, भुदरगड, पन्हाळ्यावर गडकऱ्यांनी १८४४ साली बंड केलं आणि ते मोडल्यावर कारभार कंपनीच्या अधिकाऱ्याच्या हाती गेला. तरी नावाला राज्य संस्थानाचंच. गादी ठेवून राज्य चालवायचं म्हणजे राजाला घडवावं लागतं. त्याचा शिक्षक कोण, त्याचा पोशाख कसा, दरबारात कुणाची खुर्ची कुणाच्या उजवीकडे, हे सगळं मग राजकारण होतं. पोलिटिकल एजंटच्या, म्हणजे संस्थानावर नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या, दफ्तरात अशा बाबींवरचा पत्रव्यवहार आहे आणि आपण तो 'किरकोळ' म्हणून ओलांडून तहनाम्यांकडे जातो.

कोल्हापूरच्या दुसऱ्या राजाराम महाराजांचंच घ्या. राजाराम कॉलेजला त्यांचं नाव आहे, पण त्या कॉलेजच्या मुलांना ते कुठं वारले हे विचारून बघा. १८७० साली, ऐन विशीत, ते विलायतेला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि परत येताना ३० नोव्हेंबरला इटलीत फ्लॉरेन्समध्ये वारले. अर्नो नदीच्या काठी त्यांचं हिंदू पद्धतीनं दहन झालं. त्या शहरानं असं काही पूर्वी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी प्रवासाची रोजनिशी इंग्रजीत ठेवली होती. ती १८७२ साली लंडनमध्ये छापली गेली आणि तिचा संपादक होता कॅप्टन एडवर्ड वेस्ट, राजकीय खात्यातला अधिकारी. आता इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून किती प्रश्न पडायला हवेत! छत्रपतींच्या गादीवरचा तरुण राजा आपल्या मनातलं परक्या भाषेत लिहितो, ते त्याच्यावर देखरेख करणाऱ्या खात्याचा माणूस छापतो. काय ठेवलं असेल, काय गाळलं असेल? छापलेल्या पानांत जो शहाणा, कृतज्ञ, जिज्ञासू राजपुत्र दिसतो, तो किती राजाराम आणि किती वेस्ट?

पुढचा भाग मला याहून आवडतो. फ्लॉरेन्सच्या बागेत त्या जागी १८७४ साली छत्री उभी राहिली, खाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. या छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. हेच मँट कोल्हापूरच्या टाऊन हॉलचे वास्तुविशारद आणि नव्या राजवाड्याचेही. नवा राजवाडा १८८४ साली पुरा झाला तोवर मँट वारले होते. आपण त्या वाड्यासमोर पाहुण्यांना नेऊन फोटो काढतो आणि गाईड सांगतो तेवढं ऐकतो: जैन शिल्प, हिंदू शिल्प, राजस्थानी, इस्लामी, सगळ्यांचा मिलाफ. 'मिलाफ' म्हटलं की प्रश्न संपतो. पण इंग्रज इंजिनिअरला हिंदुस्थानी राजासाठी असाच वाडा का सुचला? बडोद्याचा लक्ष्मी विलास त्याच हातचा आहे. राजानं 'देशी' दिसावं, पण किती आणि कोणत्या तऱ्हेनं, हे त्या काळी ड्रॉइंग बोर्डावर ठरत होतं. हा विषय आर्किटेक्चर कॉलेजचा नाही, आपला आहे.

राजाराम महाराजांनंतर गादीवर आलेल्या चौथ्या शिवाजी महाराजांची गोष्ट कोल्हापुरात अजून लोक दबक्या आवाजात सांगतात. त्यांना वेडसर ठरवलं गेलं. त्यावरच्या 'केसरी'तल्या मजकुराबद्दल कारभारी माधवराव बर्वे यांनी खटला भरला आणि टिळक-आगरकरांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. महाराज १८८३ साली नगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत वारले. आपल्याकडे हे प्रकरण टिळकांच्या चरित्रातला एक प्रसंग म्हणून शिकवतात. म्हणजे आमचा राजा मेला आणि तो धडा पुण्याच्या वाट्याला गेला! माणूस वेडा आहे हे साम्राज्यात कोण ठरवत होतं, कोणत्या वैद्यकावर, कुणाच्या साक्षीनं, यावर नीट एक प्रबंध व्हायला हवा. वैद्यकाचा इतिहास जगभर साम्राज्याच्या इतिहासातच धरतात. आपल्याकडे तो 'सायन्स साइडचा' ठरतो.

शाहू महाराजांवर पुष्कळ लिहून झालं आहे. डॉ. जयसिंगराव पवारांसारख्यांनी आयुष्य घातलं म्हणून आज आपल्याला कागद हाताशी मिळतात. इयान कॉपलँड या ऑस्ट्रेलियन इतिहासकारानं १९७३ साली महाराज आणि ब्राह्मणेतर चळवळ यांच्यावर लेख लिहिला, तोही अजून वाचावा असा आहे. पण आरक्षणाचा २६ जुलै १९०२चा जाहीरनामा, वेदोक्त विधींचा वाद आणि माणगावची परिषद यांच्यापलीकडे आपले विद्यार्थी जात नाहीत. महाराजांचे गुरू फ्रेझर आयसीएस, म्हणजे सनदी नोकरीतले साहेब होते, शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि धारवाडला झालं. अशा शिक्षणातून साहेबी वळणाचा, क्रिकेट खेळणारा संस्थानिक निघावा ही इंग्रजांची अपेक्षा. निघाला कोण, तर मल्लांचा पोशिंदा, ज्यानं खासबागेत आखाडा बांधला. रोमचं कलोसियम पाहून त्यांना ती कल्पना सुचली, असं कोल्हापुरात रिक्षावालाही सांगतो. या आख्यायिकेचा कागद शोधायला लावणं हे एखाद्या मुलाचं पहिल्या वर्षाचं उत्तम काम ठरेल. सापडला तर सोनं, नाही सापडला तरी तालमीचे खुराकाचे हिशेब, मल्लांच्या नेमणुका, मैदानाचा खर्च एवढं तर हाताला लागेलच. 'हिंदुस्थानी माणूस दुबळा' हे साहेबांचं लाडकं मत होतं. त्याच काळात पंजाबचे मल्ल इथं येऊन लढत होते आणि पेठापेठांतून तालमी घुमत होत्या. याला नुसती क्रीडा म्हणायचं?

खासबागेला लागूनच महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ला ते जळालं तेव्हा रात्री अर्धं कोल्हापूर रस्त्यावर होतं. तेवढं प्रेम होतं, पण त्या वास्तूचा कागदपत्रांवर आधारलेला इतिहास विचारणाऱ्या पत्रकारांना द्यायला आमच्याकडे फारसं काही नव्हतं. प्रत्येकानं तेच दोन परिच्छेद पुरवले.

गाण्याची बाजू तर विषयांनी ओसंडते आहे. अल्लादिया खाँसाहेब शाहूंच्या दरबारी होते. राजा ब्राह्मणेतर चळवळीचा पुढारी, गवई मुसलमान, शिष्यांत भास्करबुवा बखले आणि केसरबाई. अशी मैफल त्या काळात दुसऱ्या कुठल्या सभेत जमली असती? ग्रामोफोन कंपनीचं यंत्र हिंदुस्थानात १९०२ साली आलं, तरी खाँसाहेब त्याच्या कर्ण्यापुढं गायले नाहीत. आणि शेजारच्या सांगलीत डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांचं, गणित मांडत होते, त्यांच्या जोडीला क्लेमंट्स हा आयसीएस अधिकारी श्रुतींची पेटी घडवण्यात रमला होता. साहेबाला सूर मोजायचे होते, उस्तादाला ते झाकून ठेवायचे होते. ज्ञान आणि सत्ता यांच्या नात्यावर शिकागोचे मानववंशशास्त्रज्ञ बर्नार्ड कोहन यांनी जन्मभर लिहिलं: खानेसुमारी, नकाशा, संग्रहालय, दरबार, पोशाख. आपल्या पोरांना कोहन यांचं नाव कोर्सवर्कमध्ये पाठ करावं लागतं. पण त्यांचा प्रश्न मिरज-कोल्हापूर पट्ट्याला विचारा, असं कुणी सांगत नाही.

आणि सिनेमा. बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी १९१७ साली काढली. भांडवल दिलं ते तानीबाई कागलकर या गायिकेनं. हे वाक्य सगळ्या लेखांत येतं आणि तिथंच थांबतं. तानीबाईंकडे तो पैसा कुठून आला, कलावंतिणीच्या मालमत्तेला संस्थानी कायद्यात काय स्थान होतं, हे कुणी विचारत नाही. पहिल्या 'सैरंध्री'त १९२० साली गुलाबबाई आणि अनसूयाबाई पडद्यावर आल्या. कथा कीचकवधाची. त्याच कथेवरचं खाडिलकरांचं नाटक सरकारनं १९१० साली बंद केलं होतं, कारण कीचकात लोकांना व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसत होता. दहा वर्षांनी तोच कीचक कोल्हापूरच्या कॅमेऱ्यासमोर मारला गेला आणि त्या वधाच्या दृश्याला कात्री लागली. नाटक बंद आणि सिनेमा चालू, हे कसं? संस्थानची हद्द कुठं उपयोगी पडली, कुठं पडली नाही? या एका प्रश्नावर दोन प्रबंध होतील.

हेच बाबूराव पुढं पुतळ्याच्या गोष्टीत येतात. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचा पुतळा कोल्हापुरात भर चौकात होता. ४२च्या आंदोलनात त्याची मोडतोड झाली आणि १९४५ साली त्या जागी शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला, घडवणारे बाबूराव. आज त्या चौकातून जाणाऱ्या माणसाला विल्सनचं नावही ठाऊक नाही. चौकाचं हे बदलणं मात्र नगरपालिकेच्या ठरावांत, पोलिसांच्या अहवालांत आणि वर्तमानपत्रांत नोंदलेलं असणार. कुणीतरी बसून ते काढायला हवं.

इथं कोल्हापुरी चपलेचा विषय निघाल्याशिवाय राहणार नाही. जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तसल्या चपला मिरवल्या आणि आपण सगळे खवळलो. खवळणं योग्यच होतं. पण त्या आठवड्यात आलेल्या लेखांमध्ये 'बाराव्या-तेराव्या शतकापासूनची परंपरा' हे वाक्य एकानं दुसऱ्याचं उचललेलं होतं. त्यापुढं माहिती नव्हती. साम्राज्याच्या काळात या धंद्याचं काय झालं? सह्याद्रीच्या रानातला, कातडी कमावायला लागणारा हिरडा मुंबईच्या बंदरातून विलायतेच्या चामड्याच्या कारखान्यांना जात होता, कच्ची कातडी जात होती. चामडं कमावणारे, चप्पल शिवणारे यांच्या घरात त्याचा परिणाम काय झाला? मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली आली, तेव्हा बाजार किती लांबला? भौगोलिक मानांकन २०१९ साली मिळालं, पण त्यामागचा इतिहास आपण लिहून ठेवलेला नाही. उद्या कोर्टात कुणी पुरावा मागितला तर वर्तमानपत्राची कात्रणं दाखवणार का?

आता जरा नावडतं बोलते. जातींच्या चालीरीतींवर प्रकरण लिहायचं झालं की आपल्याकडे १८८६चं कोल्हापूर गॅझेटियर उघडतात आणि भाषांतर करून उतरवतात. त्याच्याही आधीचा, १८५४ साली छापलेला ग्रॅहमचा अहवाल तसाच वापरतात. ग्रॅहम इथला पोलिटिकल सुपरिंटेंडेंट होता, गडकऱ्यांच्या बंडानंतर बसवलेल्या व्यवस्थेचा प्रमुख. ज्यानं किल्ले मोडलेले पाहिले तो रयतेच्या स्वभावावर जे लिहितो ते साक्षीदाराचं निवेदन नव्हे, पक्षकाराचं आहे. हे मार्गदर्शकानं सांगायचं असतं. ते न सांगता आपण प्रबंधात अमुक जात 'कष्टाळू पण भांडखोर' असं २०२५ सालीही छापतो. वाचताना मला घाम फुटतो.

यावर उपाय मूळ कागद वाचणं, म्हणजे मोडी ही मराठीची जुनी लिपी शिकणं, हाच आहे. कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानचं दफ्तर आहे, त्यातलं बहुतेक मोडीत. इंग्रजी बाजू मुंबईच्या पुराभिलेखागारात आणि लंडनला ब्रिटिश लायब्ररीत, कारण इथला एजंट मुंबई सरकारला जबाबदार होता. संस्कृती आणि साम्राज्य यांच्यावर काम करणाऱ्या माणसाला दोन्ही बाजू लागतात: मोडी यायला हवी, इंग्रजी सरकारी भाषेतली मखलाशी ओळखता यायला हवी, आणि जमल्यास उर्दू-फारसीही थोडी. हे दोन वर्षांत होत नाही. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासकार होते. ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड त्यांनी संपादित केले ते काही एखाद्या शैक्षणिक वर्षात नव्हे.

आणि आपण आज या कामासाठी मुलांना काय देतो? तासिका तत्त्वावरची नेमणूक, जिचं मानधन कधी मिळेल याचा भरवसा नाही. सेट-नेट झालेली, 'पेट' या पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेतून आलेली, घरात पहिल्यांदाच पदव्युत्तर शिकलेली ही मुलं. सकाळी दोन कॉलेजांत तास घ्यायचे, दुपारी दफ्तरात बसायचं, आणि दफ्तर पाचला बंद. सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या शिष्यवृत्तीसाठी उपोषणाला बसावं लागतं ते वेगळं. डिसेंबर २०२३मध्ये विधिमंडळात 'पीएच.डी. करून काय दिवे लावणार?' असा सवाल आला तेव्हा आपण सगळे चिडलो होतो. मला मात्र वाटतं, मोडीतला एकही कागद न पाहता संस्थानावर पीएच.डी. देणाऱ्या आपण त्या सवालाला तोंड कसं द्यायचं?

शोधनिबंधांच्या शर्यतीची सबबही आता राहिलेली नाही. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीनं प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढली. मान्य नियतकालिकांची केअर लिस्ट २०२५ साली गेली. तरी आपल्याकडे पैसे भरून छापलेले निबंध फाईलला लावायची सवय सुटत नाही. त्या वेळात आणि त्या पैशात मुलगा मुंबईच्या दफ्तरखान्यात आठवडाभर राहिला असता.

तर मागणं असं. संस्कृतीचा विषय घेऊन कुणी आलं तर त्याला दुसऱ्या विभागाकडे धाडू नका. हवं तर त्या विभागातला सहमार्गदर्शक जोडून द्या. संगीताचा, चित्रकलेचा, वास्तुकलेचा माणूस शेजारी बसला तर आपलंही शिकणं होईल. संस्थानकाळावरच्या प्रबंधाला मूळ मोडी कागदांची निदान काही पानं लिप्यंतरासह जोडायला लावा आणि मौखिकीला त्यातलं एक पान उमेदवाराकडून वाचून घ्या. त्यासाठी परीक्षकांपैकी एकाला तरी मोडी यावी लागेल, ही अडचण मला माहीत आहे. लिप्यंतराची एक प्रत करवीर नगर वाचन मंदिरासारख्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवा. ते ग्रंथालय १८५० साली इंग्रज अधिकाऱ्याच्या पुढाकारानं 'नेटिव्ह लायब्ररी' म्हणून निघालं, तोही आयता पडलेला एक विषय आहे.

मोडी शिकवायला माणसं नाहीत असं कुणी म्हणू नये. आमच्यासारखी चार-दोन निवृत्त मंडळी शनिवारी दुपारी मोडी वाचायला बसतात. विद्यार्थी पाठवा, फी नाही. मार्गदर्शक स्वतः आले तरी चालेल, पुढच्या बाकावर जागा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
इतिहासाची एक निवृत्त प्राध्यापिका
कोल्हापूर